पवनेकाठची जागा विकायची आहे, जाहिरात कुठल्या महिन्यात टाकावी?

चिंचवडची लेक

नमस्कार. बाबांनी १९९६ साली पवना धरणाच्या काठी, ठाकूरसाईच्या बाजूला २२ गुंठे शेतजमीन घेतली. वरच्या अंगाला दोन खोल्यांचं शेतघर, एक विहीर, सात आंबे आणि एक जुनं जांभूळ. खालच्या दोन खाचरांत गावातले एक काका आमच्यासाठी इंद्रायणी भात लावतात. बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले. आम्ही तिघं भावंडं. धाकटी बहीण परदेशात असते, भाऊ बाणेरला, मी चिंचवडला. तिथे जाऊन राहणं आता कुणालाच जमणार नाही. जागा ओसाड पडू देण्यापेक्षा ती जपेल अशा माणसाला द्यावी, असं तिघांनी ठरवलंय.

गोंधळ आहे तो वेळेचा. पवनानगरचे एक मध्यस्थ म्हणतात, आत्ताच जाहिरात टाका, मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईची गिऱ्हाइकं फिरायला येतात. मामा म्हणतात, यंदा, म्हणजे २०२६ साली, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यात कुणी व्यवहार करत नाही, थेट दसरा धरा. भावाला वाटतं पावसाळ्यात दाखवावी, तेव्हा ती सगळ्यात सुंदर दिसते. तुमच्यापैकी कुणी धरणाकाठची जागा विकली असेल तर अनुभव सांगाल का? भाव दोन पैसे कमी आला तरी चालेल, पण घाईत चूक नको. बाबांचा जीव होता त्या जागेत.

मावळातला मध्यस्थ

ताई, तुमच्या मध्यस्थाचं अगदीच चूक नाही. मे महिन्यात फोन सगळ्यात जास्त येतात. मुलांना सुट्टी असते, उकाड्यानं माणूस हैराण झालेला असतो आणि पाण्याकाठी आपलंही काहीतरी असावं असं वाटायला लागतं. पण फोन येणं वेगळं आणि टोकन, म्हणजे विसाराची रक्कम, येणं वेगळं. गेली चौदा वर्षं मी हेच काम करतोय. माझ्याकडचे बहुतेक व्यवहार दसरा ते संक्रांत या काळात ठरले आणि मार्च संपायच्या आत नोंदणी झाली. १ एप्रिलला रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरायचा जमिनीचा नवा सरकारी दर लागू होतो. तो दर वर्षी वाढतोच असं नाही, पण वाढेल या धास्तीनं घेणारा मार्चच्या आत उरकायला बघतो.

पितृपक्षात मात्र कुणाला जागा दाखवायच्या फंदात पडू नका. माणूस येतो, पाहतो, आवडली म्हणतो आणि पंधरा दिवस गप्प बसतो. तोवर त्याला दुसऱ्या कुणीतरी दुसरी जागा दाखवलेली असते.

तुंगच्या पायथ्याशी

ताई, मी या सगळ्यातून गेलोय म्हणून सविस्तर लिहितो. माझी जागा तुमच्या समोरच्या काठाला होती, तुंग किल्ल्याच्या बाजूला, ३४ गुंठे. वडिलांनी भोसरीच्या नोकरीतून साठवलेल्या पैशांत घेतलेली. पहिली जाहिरात मी २०२२ च्या एप्रिलमध्ये दिली आणि नोंदणी झाली फेब्रुवारी २०२४ ला. मधली जवळजवळ दोन वर्षं माझ्याच चुकांमुळे गेली.

पहिली चूक मे महिना. जाहिरातीत मी लिहिलं होतं, 'पाण्याला लागून'. फोटो आदल्या सप्टेंबरमधले. काठोकाठ भरलेलं धरण, त्यात तुंगाचं प्रतिबिंब. ते बघून ठाण्याचं एक कुटुंब आलं. आजी-आजोबा, सून-मुलगा, दोन नातवंडं. गाडीतून उतरल्याबरोबर नातू पाण्याकडे पळत सुटला आणि कुंपणाशी थबकला. पुढे भेगाळलेला गाळ, त्यावर चरणारी गुरं आणि पाणी कुठेतरी लांब चकाकतंय. मी पावलं मोजली होती, तीनशेच्या वर भरली. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी चहाही घेतला नाही. जाताना मुलगा एवढंच म्हणाला, "काका, फोटोत होतं ते कुठाय?" त्या प्रश्नानं मी फार खजील झालो. मी खोटं बोललो नव्हतो, पण अर्धंच सांगितलं होतं.

हे तलाव नाहीत, ही धरणं आहेत, हे आपण काठावरचे लोकही विसरतो. पवनेचं पाणी वर्षभर नदीत सोडतात, ते रावेतला उचलतात आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. तुमच्या घरातला नळसुद्धा त्यावरच चालत असेल. म्हणजे दिवाळीनंतर पाणी रोज थोडं थोडं मागे सरकणार. होळीपर्यंत काठाला मातीचा पट्टा दिसायला लागतो, मे अखेरीस तर गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरायच्या, जमिनी पूर्ण उघड्या पडतात. जूनमध्ये पाऊस लागला की तळ भरायला सुरुवात होते आणि चांगल्या वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरून पाणी सोडायची वेळ येते. म्हणून फोटो काढायचे ते ऑगस्टच्या शेवटी किंवा गणपतीच्या सुमारास, उघडीप मिळेल त्या दिवशी सकाळी सात ते नऊ. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. फोटो तेव्हा काढा, पण जाहिरात तेव्हा टाकू नका. पुढे लगेच पितृपक्ष आहे, तो १० ऑक्टोबरला संपतो. दसरा २० ऑक्टोबरला. घटस्थापनेच्या दिवशी जाहिरात टाका. दिवाळी ८ नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे लोकांना यायला तीन-चार आठवडे मोकळे मिळतात. दिवाळीनंतर दुसरा हंगाम, तो संक्रांतीपर्यंत. तेव्हा थंडी असते, धुकं असतं, पाणी अजून काठाशी असतं आणि रस्ता कोरडा असतो.

तुमच्या भावाचं म्हणणं मला मनापासून पटतं. जुलैमध्ये ती जागा स्वर्ग असते. पण तो स्वर्ग गिऱ्हाइकाला गाडीच्या काचेतून दिसतो. शनिवारी मुंबईहून निघालेला माणूस लोणावळ्याच्या कोंडीत दोन तास अडकतो. तिथून दुधिवरे खिंडीत दाट ढग, समोरची गाडी दिसत नाही. पोचतो तेव्हा बायकोचं डोकं दुखत असतं आणि मुलांना उलट्या झालेल्या असतात. बांधावर उतरलं की घोटाभर चिखल. भातलावणी झालेली, त्यामुळे हद्द फिरून दाखवता येत नाही. छप्पर कुठे गळतं ते मात्र पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. जुलै तुम्ही स्वतःसाठी ठेवा. छत, पागोळ्या, विहिरीकडे वाहून जाणारं पाणी, सगळं पाहून घ्या आणि सप्टेंबरात दुरुस्त करा.

आता दुसरी चूक. सगळ्यात जास्त महिने तिनंच खाल्ले. मोजणी.

वडिलांनी घातलेलं कुंपण हीच हद्द, असं आम्ही पंचवीस वर्षं धरून चाललो होतो. एक चांगलं गिऱ्हाईक आलं, चाकणचे शेतकरी, पैसे तयार. ते म्हणाले, आधी मोजणी करा. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला आणि मला वाटलं महिन्याभरात होईल. पाऊस लागला. मग भात उभं. शेजाऱ्याच्या खाचरातून साखळी नेता येईना, आणि का येऊ द्यावी त्यानं? त्याचं वर्षाचं पीक होतं ते. इंद्रायणी कापून झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस, मोजणीदार आले. आमचं कुंपण खालच्या बाजूला धरणासाठी संपादित झालेल्या जमिनीत चाळीस फूट पुढे गेलेलं निघालं. वडिलांनी मुद्दाम नव्हतं केलं. पाणी ओसरलेल्या वर्षी गड्यानं खांब रोवले आणि कुणी पाहिलं नाही. पण चाकणचे गृहस्थ त्याच दिवशी मागे हटले. म्हणाले, "जे तुमचं नाही ते तुम्ही मला विकत होतात." मी खांब उपटून आत घेतले. ते करताना माझे हात थरथरत होते, कारण प्रत्येक खांब मला वडिलांनी उभा केलेला आठवत होता.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की जाहिरात ऑक्टोबरमध्ये टाकायची असेल तर काम आजपासून सुरू करावं लागेल. सातबाऱ्यावर तिघांची वारस नोंद झाली आहे का? नसेल तर तलाठ्याकडे लगेच अर्ज द्या. फेरफाराला नोटिशीचे पंधरा दिवस जातात, त्यात एखादं नाव चुकलं की पुन्हा फेरी. मोजणीचा अर्ज याच आठवड्यात द्या आणि तातडीची फी भरा. मे महिन्यात रान मोकळं असतं, जुन्या हद्दीचे दगड उघडे दिसतात. पावसाच्या आत झालं तर उत्तम, नाही तर भात कापेपर्यंत थांबावं लागेल आणि तुमचा हंगाम हातचा जाईल. धरणाची संपादन रेषा नकाशावर कुठून जाते ते मोजणीदाराकडून दाखवून घ्या. पाणी ओसरल्यावर कुंपणाच्या पुढे उघडी पडणारी जमीन पाटबंधारे खात्याची. ती 'आपोआप मिळते' असं कोणी मध्यस्थ गिऱ्हाइकाला सांगत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

आणि मे महिन्याचा फोटो काढून ठेवा. भरलेल्या धरणाचे आठ फोटो आणि त्याखाली एक उन्हाळ्यातला, तारखेसह. मी २०२३ च्या दसऱ्याला तसंच केलं. फोन निम्म्यावर आले, पण जे आले ते माहिती घेऊन आले. ज्यांनी शेवटी घेतली त्या बाई निगडीच्या, निवृत्त शिक्षिका, माहेर मावळातलंच. त्या म्हणाल्या, "तुम्ही उन्हाळा दाखवलात म्हणून मी आले. पावसाळा मला माहितीच आहे." भाव मी मागितला त्याच्या थोडा खाली आला. पण नोंदणीच्या दिवशी आम्ही दोघं तळेगावात शेजारी बसून जेवलो, आणि अजूनही त्या दर वर्षी तांदूळ पाठवतात.

हिशेबनीस

वरचं सगळं पटलं. करापुरतं थोडं सांगतो, कारण त्याचाही वेळेशी संबंध आहे.

जमीन सातबाऱ्यावर शेती असेल, खरोखर पिकत असेल आणि ग्रामीण व्याख्येत बसत असेल तर भांडवली नफ्याचा कर लागतच नाही. ग्रामीण म्हणजे काय, ते जवळच्या शहराच्या लोकसंख्येवर आणि त्याच्या हद्दीपासून सरळ रेषेतल्या अंतरावर ठरतं. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या गावापासून दोन किलोमीटर, एक ते दहा लाखांच्या शहरापासून सहा, त्याच्या वर आठ. लोणावळा पहिल्या गटात, पिंपरी-चिंचवड तिसऱ्या. ठाकूरसाई दोन्हींच्या बाहेर पडायला हरकत नाही, पण अंतराचा दाखला आधीच घेऊन ठेवा. भाताच्या विक्रीच्या पावत्या, पीक पाहणीच्या नोंदी जपून ठेवा.

बिगरशेती झालेली असेल तर मात्र कर आहे. वडिलांची खरेदी २००१ च्या आधीची, त्यामुळे खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं. त्यासाठी मूल्यांकनकाराचा अहवाल लागेल. ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवून सूट घ्यायची तर विक्रीपासून सहा महिने मिळतात. त्यातही बहीण अनिवासी असेल तर तिच्या वाट्याचे नियम वेगळे आहेत, तिचा हिशेब स्वतंत्र करा.

आणखी एक. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. पहिल्याच फोनवर विचारा, "तुमच्या नावावर सातबारा आहे का?" संकोच करू नका. नाही तर तीन भेटी होतात, मुलं झाडाला झोके बांधून येतात आणि मग कळतं की त्यांना घेताच येत नाही. तेव्हा दोन्हीकडे वाईट वाटतं. आणि २२ गुंठे एकत्रच विका. जिरायतीला किमान २० गुंठ्यांची मर्यादा आहे, पाच-पाच गुंठे तोडून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

सरोवराकाठी, मिशिगन

मी डेट्रॉइटच्या वायव्येला ओकलंड काउंटीत राहते. इथे तळ्यांचा सुकाळ आहे, आणि आम्ही दोन वर्षांपूर्वी आमचं तळ्याकाठचं घर विकलं. इकडचं चक्र तुमच्या अगदी उलट. हिवाळ्यात तळं गोठतं. बर्फानं दाबून मोडू नये म्हणून काठावरचा, होडी लावायचा लाकडी धक्का ऑक्टोबरमध्येच काढून ठेवावा लागतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की धक्का परत बसवायचा आणि मे महिन्यात 'विकणे आहे'ची पाटी लावायची. घेणाऱ्याला जून-जुलैचा उन्हाळा तिथे काढायचा असतो, तो संपला की उत्साह ओसरतो. ऑगस्टमध्ये पाण्यात शेवाळी गवत माजतं, तेव्हा दाखवणं आम्ही टाळलं.

पण पवनाकाठच्या काकांनी उन्हाळ्याच्या फोटोचं लिहिलंय ना, ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. आम्ही घर घेतलं तेव्हा आम्हाला कोणी ऑगस्ट दाखवला नव्हता. विकताना मी फोटोंत गवतही ठेवलं. ज्यांनी घेतलं त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, गवत कोण काढतं, किती खर्च येतो. मला बरं वाटलं.

ताई, बहीण परदेशात आहे म्हणालात. ती डिसेंबरात येणार असेल तर सही त्याच वेळी करून घ्या. मुखत्यारपत्र दूतावासातून करून आणणं, मग भारतात त्यावर मुद्रांक, नोंदणी, यात माझ्या भावाचे चार महिने गेले.

मुळशीकर

मुळशीचं पाणी विजेसाठी कोकणात भिऱ्याला जातं, त्यामुळे तिकडे काठ कधी उघडा पडतो त्याचं वेळापत्रक पवनेपेक्षा निराळं आहे. वरसगाव-पानशेतची पुन्हा वेगळी तऱ्हा. तेव्हा दुसऱ्या धरणावरच्या माणसाचा महिना उचलू नका. आपल्याच काठाच्या मागच्या पाच वर्षांच्या आठवणी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते तारीखवार सांगतात.

शनिवारी रात्रीही एकदा तिथे राहून बघा. हिवाळ्यात आजूबाजूला तंबूवाले असतात, मोठ्यानं गाणी चालतात. घेणाऱ्याला ते बुधवारी कळत नाही.

चिंचवडची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तुंगच्या काकांचं उत्तर मी भावाला आणि बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. खांब उपटल्याचं वाचताना भाऊ मध्येच म्हणाला, "थांब जरा."

काल तिथे जाऊन आले. वारस नोंद झालेली नव्हती. आम्हाला वाटत होतं झाली असेल. तलाठी कार्यालयात तिघांच्या कागदांसह अर्ज दिला, मोजणीची तातडीची फी भरली. भात लावणारे काका बरोबर होते. खालच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड त्यांनी गवत बाजूला करून दाखवला. बाबांनी त्यावर पांढरा रंग दिलेला होता, अजून दिसतो. कुंपण दगडाच्या आतच आहे, निदान त्या कोपऱ्यात.

बहीण २० डिसेंबरला येतेय, तीन आठवडे आहे. म्हणजे दसऱ्याला जाहिरात आणि ती असतानाच सह्या, असं धरून चाललोय.

एक विचारायचं होतं. विहिरीला मे महिन्यात किती पाणी राहतं हेही लिहावं का? यंदा सहा-सात फूट आहे. बाबा रोज दोरी सोडून मोजायचे आणि भिंतीवर खडूनं लिहायचे, मागच्या चार उन्हाळ्यांचे आकडे तिथे आहेत.

तुंगच्या पायथ्याशी

नक्की लिहा. आणि ती भिंत दिवाळीच्या रंगकामात पुसू देऊ नका. खडूचे आकडे तसेच ठेवून फोटो काढा. यंदाचा आकडाही त्याखाली तुम्ही लिहा. शेतकरी गिऱ्हाईक आधी विहिरीत डोकावतं, मग धरणाकडे बघतं.

मोजणीच्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगा, नोटीस पोचली असली तरी. मी गेलो नव्हतो. मला एखादा माणूस बरोबर हवा असं वाटलं तर कळवा, तुंगच्या बाजूनं ठाकूरसाईला यायला मला तासभर लागेल.

चिंचवडची लेक

काका, याल तर फार आधार वाटेल. मोजणीची तारीख आली की इथेच लिहिते.

आज सकाळी जांभळाखालून पाण्यापर्यंत चालत गेले. दोनशे साठ पावलं. फोटो काढला, तारीख घातली.